काटा स्थिर होईपर्यंत

बाजारात तिला काटेवाल्या बाई म्हणायचे आणि घरात आत्या. गेली एकतीस वर्षं ती वजनमाप खात्यात होती. काम एकच: दुकानोदुकानी जायचं, वजनकाटे तपासायचे, खऱ्याला शिक्का मारायचा आणि खोट्याला बाजूला काढायचं. तिची लाकडी पेटी उघडली की आत मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं लहानमोठी ओळीनं बसलेली दिसायची. ती उघड्या हातानं उचलायची नाहीत असा तिचा दंडक होता, कारण हाताचा घाम लागला की वजन खोटं होतं. एकदा वरच्या साहेबांनी कौतुकानं त्यातलं एक उचललं, तर तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, पुसलं, आणि साहेबांपुढे हातमोजा धरला. साहेबांनी तो निमूट घातला.

अशा बाईशी वाद घालून जिंकणार कोण? दुकानदार आपसांत म्हणायचे, एक वेळ काटा चुकेल, बाई चुकायच्या नाहीत. ही थट्टा तिच्या कानावर आलेली होती आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडायची. 'चुकलं माझं' हे दोन शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. तिचा धाकटा भाऊ शिंपी होता. तो म्हणायचा, ताईनं ते दोन शब्द पेटीत ठेवून कुलूप लावलंय आणि किल्ली कुठंतरी हरवलीय.

ह्या भावाची मुलगी म्हणजे आपली घुमी. लहानपणापासून कमी बोलायची. चार माणसांत बसली की सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि विचारलं तर एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी व्हायची. सुट्टीत ती आत्याकडे राहायला येई, आणि आत्या तिला पेटीबरोबर दुकानोदुकानी फिरवी. पाच वर्षांची असताना आत्यानंच तिचं नाव घुमी ठेवलं. प्रेमानं ठेवलं, त्यात खोट नाही. पण नाव असं चिकटलं की शाळेच्या कागदांशिवाय तिचं खरं नाव कुणाला आठवेना.

आणि ह्या घुमीला नोकरी लागली ती नेमकी बोलण्याची. रुग्णवाहिका मागवायला लोक ज्या नंबरावर फोन करतात, त्या फोनखोलीत. सगळं घर चाट पडलं. भाऊ म्हणाला, पोरगी फोन उचलेल आणि समोरचा म्हणेल, लाइन बंद आहे. पण घुमी हसली आणि कामावर गेली. सहा महिने उमेदवारी होती, मग कायम. फोनखोली आत्याच्या घरापासून दहा मिनिटांवर होती, म्हणून ती मुक्कामालाच आली. पहिल्या महिन्यातच आत्याच्या लक्षात आलं की पोरगी संध्याकाळी दमून येते, पण चेहरा उजळलेला असतो. जेवताना चक्क दोन दोन वाक्यं बोलते. ही नोकरी तिला मनापासून आवडली होती, आणि आजवर कुठली गोष्ट आपल्याला आवडते असं तिनं कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

पाचव्या महिन्यात वरून नवा नियम आला. उमेदवारांची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची. बाहेरच्या एका कंपनीकडून ती विकत घेतलेली होती. एकशेवीस प्रश्न, पुढे पाच चौकोन, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. उत्तरांवरून माणूस सोळा प्रकारांपैकी कुठल्या प्रकारात बसतो ते कळायचं, आणि प्रत्येक प्रकाराला झकास नाव होतं. घुमीनं सोमवारी संध्याकाळी निकालाचा कागद आणून आत्यासमोर ठेवला. कागद गुळगुळीत, वर निळी पट्टी, खाली शिक्का. मधे लिहिलं होतं: प्रकार, शांत तळं. लोकांशी थेट संपर्काच्या कामास अनुकूलता, २३.४ टक्के. त्याखाली फोनखोलीच्या कार्यालयाची चिठ्ठी जोडलेली होती. तीसच्या खाली असलेल्यांनी नोंदी विभागात जायचं. बदली मान्य असेल तर सही करून शुक्रवारपर्यंत कागद द्यावा, मान्य नसेल तर कारणासह अर्ज करावा.

आत्यानं चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. तिचं बोट त्या २३.४ वर जाऊन थांबलं. नुसतं तेवीस लिहिलेलं असतं तर कदाचित ती भांडली असती, पण त्या टिंबापुढच्या चारानं तिची दांडी उडवली. टिंबापुढचं मोजणारं यंत्र म्हणजे बारीक काम असणार, असं तिच्या हाडामांसात बसलेलं होतं. तिनं हळूच मान हलवली. मग घुमीला समजावलं की नोंदी विभाग काही वाईट नसतो, तिथं शांतता असते, आणि मोजलेल्या गोष्टीशी भांडून उपयोग काय, आपण तुला ओळखत नाही का, तू आधीपासून अशीच. घुमीनं कागद उचलून पिशवीत ठेवला. आत्याला वाटलं, पटलं तिला. ताट वाढून घेऊन दोघी जेवल्या आणि घुमी त्या रात्री एकही वाक्य बोलली नाही, हेसुद्धा आत्याला नेहमीसारखंच वाटलं.

मंगळवारी सकाळी आत्या एका सराफाकडे गेली. त्यानं नवा काटा घेतला होता, टिंबापुढे तीन आकडे दाखवणारा, आणि तो गिऱ्हाइकांना दाखवून त्याची छाती दोन इंच फुगली होती. आत्यानं पाणसळीनं काटा सपाट केला, हातमोजा घातला, पन्नास ग्रॅमचं वजन मधोमध ठेवलं. आकडा आला. काढलं, परत ठेवलं. दुसराच आकडा आला. परत ठेवलं, तिसराच. मग पारड्याच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघितलं, तर चार कोपरे चार बोली बोलत होते. सराफ म्हणाला, पण बाई, तीन आकडे दाखवतो की हो. आत्या नेहमीच्या आवाजात त्याला फैलावर घ्यायला लागली.

"आकडे जास्त दाखवले म्हणून काटा खरा होत नाही," ती म्हणाली. "तेच वजन तीनदा ठेवलं तर तीनदा तेच दाखवायला हवं. एकदा तोलून जो विश्वास ठेवतो तो..."

आणि ती तिथंच थांबली. तोंड उघडं ते उघडंच. सराफानं घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो एका दमात रिकामा केला आणि काट्याला शिक्का न मारताच पेटी बंद केली. एकतीस वर्षं गावाला हे ब्रह्मज्ञान सांगत फिरले, आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटापुढे, एकदा तोललेल्या आकड्याला मी मान हलवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती रस्ताभर स्वतःला सुनावत राहिली. जीव चरफडत होता तिचा. पण चरफडून काटा खरा का खोटा ते कळत नसतं, त्याची एक रीत असते.

ती रीत तिनं त्याच संध्याकाळपासून सुरू केली. त्या कंपनीनं आपली चाचणी नमुना म्हणून संगणकावर सगळ्यांना खुली ठेवलेली होती. आत्यानं ठरवलं, मीच वजन. मी तीच आहे, माझी उंची बदलली नाही, वय बदललं नाही, तेव्हा मला परत परत त्याच पारड्यात ठेवायचं. वहीत रकाने आखले: वार, वेळ, पोटाची स्थिती, कुणाशी भांडण झालं असल्यास ते, आणि निकाल. मंगळवारी संध्याकाळी नळ दुरुस्त करणाऱ्याशी कडाक्याचं वाजलेलं होतं, त्या रागात तिनं पहिल्यांदा चाचणी दिली. निकाल आला: पहारेकरी, ४१.३. बुधवारी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, जगाशी एक शब्दही न बोलता दिली. निकाल आला: शांत तळं, २७.८. म्हणजे एकतीस वर्षं बाजार डोक्यावर घेणारी ही बाई लोकांशी थेट संपर्काच्या कामाला नालायक ठरली. आत्यानं तो निकाल दोनदा वाचला आणि एकटीच खो खो हसली.

बुधवारी संध्याकाळी भाऊ आला, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. तो शेजारी बसला आणि तिसरी तपासणी सुरू झाली. प्रश्न आला, मी दुसऱ्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेते. आत्यानं 'पूर्ण सहमत'वर बोट ठेवलं आणि भाऊ असा हसला की टाचण्या जमिनीवर पडल्या. त्या वेचता वेचता त्यानं तिला असली काही चारसहा उत्तरं बदलायला लावली. ह्या वेळी आत्या मशालजी निघाली, ५८.९. तीन तोलांत तीन माणसं. भावानं वहीवर नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"अगं ताई, हे तयार कपड्यांचं दुकान झालं," तो म्हणाला. "लहान, मध्यम, मोठं. ज्याची छाती मध्यम आणि मोठ्याच्या बरोब्बर मधे, तो एक दिवस ह्यात आणि एक दिवस त्यात. चूक त्याच्या छातीची नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, आणि ह्यांनी सोळांत उरकलं."

भाऊ एरवी फालतू बोलतो असं आत्याचं ठाम मत होतं. पण हे वाक्य तिनं वहीत उतरवून घेतलं. गुरुवारी सकाळी चौथ्यांदा दिली, तेव्हा परत पहारेकरी, ४४.६.

गुरुवारी दुपारी तिची फेरी इस्पितळात होती. तान्ह्या बाळांचा काटा दरवर्षी तीच तपासायची. त्या खोलीला लागून मानसतज्ज्ञांची खोली होती. तिथले डॉक्टर सावकाश बोलणारे, टेबलावर कागदांचा ढीग, आणि काटेवाल्या बाई दिसल्या की उठून उभे राहणारे. आत्यानं त्यांच्यापुढे वही उघडून ठेवली आणि घुमीचा सगळा किस्सा सांगितला, फक्त स्वतः मान हलवली तेवढं गाळून. डॉक्टरांनी तो तक्ता बघितला. 'पोटाची स्थिती' हा रकाना बघून त्यांना फार आनंद झाला.

ते म्हणाले, भावाला माझ्या विद्यार्थ्यांपुढे उभा करा, निम्मं त्यानं सांगितलंय. मग उरलेलं निम्मं त्यांनी सांगितलं. माणसाला खणात घालणाऱ्या चाचण्या गप्पांना बऱ्या असतात, स्वतःबद्दल विचार करायला लावतात, पण मधल्या रेघेजवळची माणसं ह्या खणातून त्या खणात उड्या मारतात, आणि बहुतेक माणसं मधल्या रेघेजवळच असतात. दुसरा प्रकार खण पाडत नाही, पाच पट्ट्या लावून मापं घेतो: माणूस नव्या गोष्टींना किती मोकळा, कामात किती नेटका, लोकांत किती मिसळणारा, किती मायाळू, आणि मनानं किती हळवा. ही मापं शिंप्याच्या टेपसारखी, बरीच टिकून राहतात, वर्षांनंतरही फार हलत नाहीत. तिसरा प्रकार शाईच्या डागांचा. त्यात टेप नाहीच, जुन्या शिंप्यानं गिऱ्हाइकाला नुसतं नजरेनं मापावं तसा. शिंपी चांगला असेल तर कधी कधी फार खोलवरचं सापडतं, पण दोन शिंप्यांची नजर सारखी असेल ह्याची हमी नाही.

शिकवण्यासाठी स्वतः केलेला एक डाग त्यांनी तिला दाखवला आणि विचारलं, काय दिसतं. आत्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, आडवा केला. मग म्हणाली की घडी नीट घातलेली नाही, डावीकडे शाई जास्त गेलीय. डॉक्टर इतके हसले की शेजारच्या खोलीतलं बाळ जागं झालं.

मग आत्यानं मुद्द्याचं विचारलं. पट्टीवाली चाचणी दिली असती तर घुमी पास झाली असती का? डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, कदाचित तिथंही ती कमी बोलणारीच निघेल, आणि ते माप बरोबरच असेल.

"पण बाई, काटा खरा असला तरी त्यावर उंची मोजता येत नाही," ते म्हणाले. "कमी बोलणं मोजलं त्यांनी. फोनवरचं काम मोजलंच नाही. तुम्ही कसं तपासाल तिला?"

आत्याला विचार करावा लागला नाही. जे तोलायचंय तेच पारड्यात ठेवून, ती म्हणाली. फोनखोलीतला प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो हे घुमीनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मग हेच अर्जात लिहा, ह्याहून चांगली चाचणी माझ्याकडे पण नाही.

आत्या घरी पोचली ती जवळजवळ धावत. घुमी कामावरून येऊन बसलेली होती. पिशवीतून कागदाचा कोपरा दिसत होता आणि त्या कोपऱ्यावर सही होती. आत्या चप्पल काढायलाही थांबली नाही. तिनं वही उघडून टेबलावर सरकवली आणि सराफापासून डॉक्टरांपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. चार तोल, तीन माणसं. घुमी तक्ता वाचत गेली. बुधवार, सकाळ, उपाशी, शांत तळं, इथं आल्यावर ती हसली. मग हसू मावळलं.

"कागदाचं मला एवढं काही वाटलं नव्हतं, आत्या," ती म्हणाली. "कागद मला ओळखत नाही. तू वाचून मान हलवलीस, त्याचं वाटलं."

आत्याचं तोंड उघडलं. ते दोन शब्द तिच्या घशापर्यंत आले होते, अगदी जिभेच्या मुळाशी. पण एकतीस वर्षांची सवय अशी जाते होय? जेवण गार होतंय, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं ओट्याला धरून उभी राहिली. डोळे पुसायला तिला पदर मिळेना, म्हणून तिनं हातमोज्यानंच पुसले. ही पोर मला सगळ्यांत जवळची, आणि तिला सगळ्यांत आधी खणात घातली ती मीच, सोळासुद्धा नाही, एकाच खणात, पाच वर्षांची असताना. हे तिला त्या ओट्यापाशी लख्ख कळलं आणि फार लागलं.

ती बाहेर आली तेव्हा घुमीनं तो सही केलेला कागद उलटा केला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कच्चा अर्ज लिहीत होती. आत्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ती गप्प राहून ताटं वाढत राहिली. अर्ज तीनच ओळींचा झाला. मी कमी बोलते हे खरं आहे. माझे फोन ऐकावेत. ऐकून जो निर्णय होईल तो मला मान्य आहे.

पुढच्या बुधवारी सुनावणी होती. आत्यानं एकतीस वर्षांत घेतली नव्हती ती अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि भाऊ मशीन बंद करून आला. घुमीच्या आईनं घरून निरोप धाडला होता की तिथं तुम्ही दोघं तोंड उघडू नका, पोरीला बोलू द्या. दोघं बाहेर बाकावर बसले. आत तिघं होते: फोनखोलीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कार्यालयाचे एक अधिकारी, आणि चाचणीच्या कंपनीचा एक तरणाताठा प्रतिनिधी, नवाकोरा कोट घातलेला. दाराची चौकट फुगली होती, त्यामुळे ते पुरतं लागत नव्हतं. बाकावर सगळं ऐकू येत होतं.

नाव-गाव काढून टाकलेला, ध्वनिमुद्रित झालेला घुमीचा एक फोन त्यांनी लावला. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. बायको पडलीय, उठत नाही, श्वास घेतेय पण उठत नाही. घुमीनं विचारलं, कुठून बोलताय. त्याला सांगता येईना. कालच नव्या घरात राहायला आलेत, पत्ता लिहिलेला कागद कुठं तरी खोक्यात आहे, खोकी सगळी बंद आहेत. तो रडायला लागला, बायकोला हाका मारायला लागला, परत फोनवर आला, परत तेच. मग घुमीचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला: मी इथंच आहे, फोन ठेवू नका, खिडकीपाशी जा. आणि त्यानंतर काहीच नाही.

बाहेर आत्या सवयीनं मोजायला लागली. पारड्यात वजन ठेवल्यावर ती अशीच मोजायची. तीन, चार, पाच. भावानं तिचा हात घट्ट धरला. आठ, नऊ. पलीकडे नुसता म्हाताऱ्याचा श्वास. आत्याच्या मनात आलं, बोल गं पोरी, काहीतरी बोल. बारा, तेरा, चौदा. आणि मग तो म्हातारा अचानक नीट आवाजात म्हणाला, समोर पाण्याची टाकी आहे. निळी. तिच्यावर सात आकडा लिहिलाय.

घुमीनं लगेच गाडी पाठवल्याचं ऐकू आलं आणि फोन संपला. मोठ्या बाईंनी सांगितलं की गाडी सहा मिनिटांत पोचली आणि त्या आजी आता घरी आहेत, हिंडत्याफिरत्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग कंपनीच्या प्रतिनिधीचा आवाज आला. तो उद्धट नव्हता, त्याला खरोखरच कळलेलं नव्हतं.

"नियमाप्रमाणे पाच सेकंदांनी पुढचा प्रश्न विचारायचा असतो," तो म्हणाला. "तुम्ही चौदा सेकंद गप्प होता. का?"

"काटा हलत होता," घुमी म्हणाली.

बाहेर भावानं आत्याकडे बघितलं. मग घुमी बोलायला लागली, आणि तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांब बोलणं असावं.

"माझी आत्या वजनकाटे तपासते. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे. वजन ठेवलं की काटा हलतो. तो हलत असताना बोट लावायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, बोलायचं पण नाही, असं तिनं मला शिकवलंय. धक्का लागला की परत पहिल्यापासून. त्या आजोबांना आठवत होतं. मी काही विचारलं असतं तर ते परत खोक्यांकडे गेले असते. म्हणून मी थांबले."

आत्यानं तोंडावर हात दाबून धरला. इतकी वर्षं जिला ती घुमेपणा म्हणत आली होती, ती तिनंच दिलेली शिकवण होती, हातमोजा घालून, एकेका दुकानात, एकेका सुट्टीत. आणि पोरीनं ती जपून ठेवली होती, आत्यानं स्वतः नाही ठेवली तरी. बाकावर बसल्या बसल्या तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. भाऊ बिचारा टेपच्या टोकानं तिचे गाल पुसत बसला.

आणखी दोन फोन त्यांनी ऐकले. मग पाऊण तास कागद फिरले. शेवटी मोठ्या बाईंनी निर्णय सांगितला, तोही मोजूनमापून. घुमी फोनखोलीतच राहील. कायम करण्याआधी तीन महिने तिचे फोन ऐकले जातील, आणि इथून पुढे कुठल्याही उमेदवाराचा निवाडा फोन ऐकल्याशिवाय व्हायचा नाही. चाचणी हवी तर घ्यावी, पण तिच्या एकटीच्या भरवशावर कुणाला हलवू नये. कंपनीच्या प्रतिनिधीनं ते लिहून घेतलं, आणि चौदा सेकंदांचा तो फोन आपल्या लोकांना ऐकवायला मिळेल का, असं विचारलं. म्हाताऱ्यांची परवानगी घेऊन बघू, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

घुमी बाहेर आली. आत्या उठून उभी राहिली. तिला बोलायचं होतं. पहिल्यांदा तिच्या तोंडातून "घु" एवढंच निघालं आणि ते तिनं गिळलं. मग ओठ हलले, पण आवाज नाही. भावाला ही शांतता सोसेना. ताईच्या मदतीला धावून जाण्याची त्याची जुनी खोड, त्यानं तोंड उघडलं. घुमीनं न बघताच बापाच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा बाबा," ती म्हणाली.

आणि ती थांबली. हात नाही लावला, मान नाही डोलावली, असू दे गं म्हणून सोडवून पण घेतलं नाही. नुसती समोर उभी राहिली, आत्याकडे बघत, जगात दुसरं काही काम नसल्यासारखी. मागून दोघं कारकून फायली घेऊन गेले. भाऊ मनातल्या मनात मोजायला लागला आणि वीसनंतर त्याचा हिशेब चुकला.

मग आत्यानं भाचीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

भाची पुढे झाली आणि तिनं आत्याला मिठी मारली, पेटीसकट, कारण पेटी आत्याच्या काखेतच होती. भावानं नाक ओढलं, घसा साफ केला, आणि किल्ली सापडली म्हणायची, असं पुटपुटत चहा कुठं मिळेल ते बघायला निघाला.